कवडशाची साक्ष

जुन्या नाशकातील वाड्यांतून ज्यांचे बालपण गेले, त्यांना कवडसा म्हणजे काय हे सांगावयास नको. कौलातील एखादी फट, आणि तीतून माजघरात उतरलेला उन्हाचा तिरपा पट्टा. त्या पट्ट्यात हजारो कण वरखाली करीत असतात. मूल मूठ मारून ते धरू पाहते. मूठ उघडावी तो आत काही नाही. वडीलधारे सांगतात, "अरे, ती धूळ." मग मुलाला खरा प्रश्न पडतो. उन्हाच्या पट्ट्याबाहेर, जेथे अंधार आहे, तेथे धूळ नाही काय? ती असतेच. कवडसा धूळ आणीत नाही, असलेली धूळ दाखवितो.

या साध्या गोष्टीचा उपयोग आम्ही एकदा एका वाटाघाटीत झालेला पाहिला. आमचे आयुष्य कामगार चळवळीत गेले. पुष्कळ वर्षांपूर्वी एका फाउंड्रीतील कामगारांनी धुळीची तक्रार केली होती. साचे वाळूचे असतात, ते फोडताना वाळूची पूड उडते, आणि ती बारीक पूड वर्षानुवर्षे छातीत गेली म्हणजे सिलिकोसिस होतो. पाहणीस आलेले साहेब शेडमध्ये उभे राहून म्हणाले, "धूळ आहे कोठे? दाखवा." तेव्हा साचे भरणाऱ्या एका म्हाताऱ्या गड्याने शिडी लावली आणि पत्र्याच्या भोकात कोंबलेले पोते ओढून काढले. दुपारचे ऊन होते. शेडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धुळीचा खांब उभा राहिला.

साहेब क्षणभर गप्प झाले. मग त्यांनी विचारले, "ठीक आहे. पण किती आहे? आणि कोणती आहे? माती, धूर, की वाळू?" या प्रश्नांचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. त्या दिवसाची बोलणी तेथेच संपली.

आम्हांला त्या वेळी प्रश्नाचा राग आला. पुढे वाचन वाढले तसे ध्यानात आले की, विचारणाऱ्याचा हेतू काहीही असो, प्रश्न बरोबर होते. आहे की नाही, किती आहे, कोठे आहे आणि कोणती आहे, हे चार प्रश्न माणसाने आकाशालाही विचारले आहेत. त्यांची उत्तरे मिळावयास तीन शतके लागली. त्यातील शेवटच्या आणि सर्वांत अवघड प्रश्नाचे, म्हणजे "कोणती?" याचे उत्तर प्रकाशाच्या ज्या गुणाने दिले, त्याला ध्रुवण म्हणतात. या ध्रुवित प्रकाशाच्या इतिहासातील काही महत्त्वाची पाने आपल्या महाराष्ट्रात, मुंबईच्या बंदरात आणि पुण्याच्या वेधशाळांत लिहिली गेली. तीच आज वाचावयाची आहेत.

कथेचा आरंभ एका दगडापासून होतो. आइसलँड बेटावर कॅल्साइट नावाचा काचेसारखा स्वच्छ स्फटिक सापडे. १६६९ साली कोपनहेगनचे पंडित बार्थोलिन यांनी तो लिहिलेल्या कागदावर ठेवला, तो खालचे प्रत्येक अक्षर दुहेरी दिसू लागले. आइसलँड ही लाव्हारसाची भूमी. आपले सह्याद्रीचे पठारही तसेच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे. त्या काळ्या पत्थराच्या पोकळ्यांत आपल्याकडेही कॅल्साइटचे आणि इतर खनिजांचे स्फटिक वाढलेले आहेत. नाशिकच्या परिसरातील खाणींतून निघालेले असे स्फटिक जगभरच्या संग्रहांत गेले आहेत. ज्यांना ते जवळ पाहावयाचे असतील, त्यांनी सिन्नरचे गारगोटी संग्रहालय पाहावे. सुरुंग लावणाऱ्या खाणकामगाराच्या पायांशी जे चमकते, त्याच जातीच्या खड्याने प्रकाशाचे एक गुपित फोडले.

ते गुपित १८०८ साली पॅरिसमध्ये माल्यूस यांच्या हाती लागले. मावळत्या सूर्याचे ऊन लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवर पडून परतत होते. माल्यूस यांनी ते कॅल्साइटमधून पाहिले आणि खडा फिरवला, तो दोन प्रतिमांपैकी एक मंद होई, पुन्हा फिरवला की दुसरी. याचा अर्थ, काचेवरून परतलेल्या प्रकाशाला एक 'बाजू' होती.

बाजू म्हणजे काय? मुली दोरीवरच्या उड्या मारतात ती दोरी डोळ्यांपुढे आणावी. एक टोक खिडकीच्या उभ्या गजांतून ओवून पलीकडे बांधावे आणि दुसरे हाताने हलवावे. दोरी वरखाली हलवली तर लाट गजांतून पार जाईल. आडवी हलवली तर गजांवर अडेल. साध्या सूर्यप्रकाशातील कंपने सर्व दिशांनी चाललेली असतात, जणू एका दोरीला दहा पोरे दहा बाजूंनी हिसके देत आहेत. ज्या प्रकाशात कंपन एकाच बाजूने चालते, तो ध्रुवित प्रकाश. आणि जो खडा गजांचे काम करतो, त्याने प्रकाशाची बाजू ओळखता येते. १८२८ साली एडिंबरोच्या विल्यम निकोल यांनी कॅल्साइटचे दोन तुकडे एका झाडाच्या डिंकासारख्या रसाने चिकटवून असे गजच तयार केले. त्याला निकोलचा लोलक म्हणतात. तो खिशात मावतो, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

१८०९ साली आरागो यांनी असा स्फटिक आकाशाकडे रोखला. निळ्या आकाशाचा प्रकाशही ध्रुवित निघाला, आणि सूर्यापासून काटकोनात असलेल्या भागात सर्वांत अधिक. या आरागोंविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून आम्हांला पुढे जाववत नाही. १८४८ च्या फ्रेंच क्रांतीनंतर ते हंगामी सरकारात आरमाराचे आणि वसाहतींचे मंत्री झाले, आणि त्याच सरकारने फ्रेंच वसाहतींतील गुलामगिरी रद्द केली. आकाश वाचणारा माणूस जमिनीकडे पाठ फिरवून बसला नव्हता.

आकाश निळे आणि ध्रुवित का, याचे उत्तर पुढे टिंडाल आणि रेले या शास्त्रज्ञांनी दिले. हवेतील अतिसूक्ष्म कण प्रकाशाला सर्व दिशांना विखुरतात, निळ्याला अधिक आणि तांबड्याला कमी. येथवर 'आहे की नाही' या पहिल्या प्रश्नाचा निकाल लागला. आता कथा मुंबईस येते.

१९२१ साली ऑक्सफर्डची परिषद आटोपून कलकत्त्याचे प्राध्यापक चंद्रशेखर वेंकट रामन 'नारकुंडा' नावाच्या आगबोटीने परत निघाले. भूमध्य समुद्राच्या गर्द निळाईने त्यांना खिळवून ठेवले. रेले यांचे मत असे की, समुद्राची निळाई ही आकाशाचे प्रतिबिंब होय. रामन यांच्या खिशात निकोलचा लोलक होता. पाण्याच्या पृष्ठावरून विशिष्ट कोनात परतणारा प्रकाश ध्रुवित असतो, म्हणजे लोलक योग्य रीतीने धरला की प्रतिबिंब पुसले जाते. रामन यांनी डेकवर उभे राहून ते पुसले. निळाई गेली नाही, उलट अधिक खुलली. निळाई पाण्याची स्वतःची होती, पाण्याच्या रेणूंनीच प्रकाश विखुरल्याने आलेली. बोट मुंबई बंदरात पोचली आणि २६ सप्टेंबर १९२१ या तारखेचे, बंदरातूनच लिहिलेले रामन यांचे पत्र 'नेचर' या नियतकालिकाकडे रवाना झाले. या प्रश्नामागे लागूनच ते २८ फेब्रुवारी १९२८ च्या शोधापर्यंत आणि १९३० च्या नोबेल पारितोषिकापर्यंत गेले.

श्रोत्यांनी येथे एक गोष्ट टिपून ठेवावी. हा प्रयोग करण्यास प्रयोगशाळा लागली नाही, एक खडा लागला, आणि मोठ्यांचे मत तपासून पाहण्याची हिंमत लागली.

रामन यांच्या शिष्यांपैकी कित्येकजण पुढे पुण्यात आले. हवामानखात्याचे मुख्य कार्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यास हलले होते. के. आर. रामनाथन यांनी रामन यांच्या हाताखाली पाण्यातील प्रकाशविखुरण्याचा अभ्यास केला होता. ते १९२५ साली हवामानखात्यात शिरले. आर. व्ही. करंदीकर यांच्यासह त्यांनी ओझोनच्या मोजमापात हवेतील धूळ आणि धूसरपणा कशी चूक घडवून आणतात, याची छाननी १९४९ साली प्रसिद्ध केली. म्हणजे धूळ ही प्रथम अडचण म्हणून वहीत आली. विज्ञानात असे पुष्कळदा घडते. कालची अडचण हा उद्याचा विषय होतो. दुसरे शिष्य एल. ए. रामदास. त्यांनी १९३२ साली पुण्यात शेतकी हवामानशास्त्राचा विभाग उभा केला. तिसरे पी. आर. पिशारोटी. १७ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यात उष्णदेशीय हवामानाच्या अभ्यासासाठी संस्था निघाली, तिचे ते पहिले संचालक. हीच आजची भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्था.

आणि चौथ्या अण्णा मणी. नावावरून मराठी माणसाला कोणी गृहस्थ वाटतील, पण या बाई होत्या, केरळच्या. १९४० पासून त्यांनी बंगलोरला रामन यांच्या प्रयोगशाळेत हिरे आणि माणके यांच्या प्रकाशाचा अभ्यास केला. पाच निबंध प्रसिद्ध झाले, तरी डॉक्टरेट मिळाली नाही, कारण एम.एस्सी.ची पदवी नव्हती. ज्यांच्याजवळ कागद नाही, हातांत काम मात्र आहे, अशी माणसे आम्ही जन्मभर पाहत आलो. म्हणून या बाईंविषयी आम्हांला विशेष आदर वाटतो. १९४८ साली त्या पुण्याच्या हवामानखात्यात उपकरणांच्या विभागात आल्या. १९५३ पर्यंत त्या विभागप्रमुख झाल्या आणि त्यांच्या हाताखाली १२१ पुरुष काम करीत. पर्जन्यमापक, वायुभारमापक अशी उपकरणे तोवर विलायतेहून येत. बाईंनी सुमारे शंभर उपकरणांचे प्रमाणित आराखडे करविले आणि ती येथेच घडवून घेतली. चुकीचे मोजमाप हे न मोजण्याहून वाईट, अशी त्यांची शिस्त होती. इतिहासात नाव शोधाचे राहते. परंतु लेथवर उभे राहून धातूचा दांडा सुताएवढाही चुकू न देणाऱ्या कारागिराशिवाय शोधाचा आकडा वहीत उतरत नाही.

आता तिसरा प्रश्न, धूळ कोठे आहे? जमिनीवरची धूळ चाळता येते. पाच किलोमीटर उंचीवरची कशी चाळावी? १९३० साली सिंज नावाच्या आयरिश गृहस्थांनी सुचवले की, सर्चलाइटचा झोत वर सोडावा आणि दूर बसून त्यातून विखुरलेला उजेड मोजावा. १९३७ साली अमेरिकेत हलबर्ट यांनी अशा झोतांची छायाचित्रे घेतली. कल्पना कवडशाचीच, फरक इतकाच की येथे कवडसा जमिनीवरून वर जातो. सर्चलाइटचा झोत मात्र पसरतो आणि क्षीण होतो. त्यावर तोड निघाली १९६० साली, जेव्हा अमेरिकेत मेमन यांनी पहिला लेसर पेटवला. तो माणकाच्या कांडीचा होता. ज्या माणकांचा प्रकाश अण्णा मणी वीस वर्षांपूर्वी तपासीत होत्या, त्याच जातीच्या खड्याचा. १९६३ साली फिओको आणि स्मुलिन यांनी माणकाच्या लेसरचा ठोका आकाशात सोडून वरून परत आलेला प्रतिध्वनी टिपला. त्याच वर्षी बाली बेटावरच्या आगुंग ज्वालामुखीने आकाशात राख उधळली होती. पुढच्या वर्षीच्या निरीक्षणांत सुमारे २० किलोमीटर उंचीवर पसरलेला तिचा थर लेसरने दाखवला.

या यंत्राला लिडार म्हणतात. त्याचा हिशोब सोपा आहे. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो. ठोका सोडल्यापासून सेकंदाच्या एक लक्षांश भागात परत आला, तर तो जाऊन-येऊन तीन किलोमीटर चालला, म्हणजे वस्तू दीड किलोमीटरवर. विहिरीत दगड टाकून 'डुबुक' ऐकेपर्यंत मनात अंक मोजणारा शेतकरी हेच करतो.

पुण्याच्या संस्थेत लिडार उभे राहिले ते या साध्या हिशोबाने नव्हे, त्याहून जुन्या हिशोबाने. पी. सी. एस. देवरा, पी. अर्नेस्ट राज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आर्गॉन वायूचा हिरवा लेसर वापरला. हा लेसर ठोके देत नाही, अखंड जळतो. म्हणून वेळ मोजून उंची कळत नाही. तेव्हा झोत एका जागेवरून सरळ वर सोडावयाचा आणि दुर्बीण काही अंतरावर ठेवून तिरपी रोखावयाची. झोत आणि दुर्बिणीची नजर जेथे छेदतात, ती उंची. समजा अंतर ६० मीटर आहे. दुर्बीण जमिनीशी ४५ अंशांवर धरली तर छेद ६० मीटरवर. ८७ अंशांवर नेली तर साधारण ११०० मीटरवर. जमीन मोजणारा मोजणीदार डोंगराची उंची अशीच काढतो. १९८६ च्या ऑक्टोबरपासून हे काम सुरू झाले. सूर्य मावळला की झोत लावावयाचा, दुर्बीण अंशाअंशाने वर न्यावयाची आणि आकडे लिहावयाचे. हे आठवड्यामागून आठवडे, वर्षामागून वर्षे चालले.

आम्हांला या वह्यांचे मोल फार वाटते. एका रात्रीचा आकडा काही सांगत नाही. दहा-बारा वर्षांच्या आकड्यांनी मात्र दाखवले की पुण्यावरच्या हवेतील कणांचा भार वाढत चालला होता. शहर वाढले, वाहने वाढली, हे सर्वांना दिसत होते. पण दिसणे निराळे आणि साक्ष निराळी. जी मागणी आकड्यावर उभी असते, ती सहजासहजी झिडकारता येत नाही.

अशी तपासणी देशात इतरत्रही चालू होती. १९९१ च्या जूनमध्ये फिलिपाइन्सचा पिनातुबो ज्वालामुखी फुटला, त्याचा थर कसा विरत गेला हे अहमदाबादच्या लिडारने टिपले. १९९८ साली तिरुपतीजवळ गादंकी येथे जपानच्या सहकार्याने मोठे लिडार आले, आणि त्यात ध्रुवणाच्या दोन वाटा होत्या. या दोन वाटांनीच आपल्याला चौथ्या प्रश्नाकडे जावयाचे आहे.

धूळ कोणती? ढग पाण्याचा की बर्फाचा? नुसत्या परत आलेल्या उजेडावरून हे कळत नाही. दाट धूळ आणि विरळ ढग सारखेच चकाकतात. १९७१ साली अमेरिकेत शॉटलँड, सासेन आणि स्टोन यांनी लेसरच्या प्रकाशाची 'बाजू' तपासली. लेसरचा प्रकाश ध्रुवित असतो, एकाच बाजूने कंप पावणारा. तो पाण्याच्या थेंबावर पडतो. लहान थेंब गोल असतो, कोठूनही पाहिला तरी सारखाच. म्हणून सरळ मागे परतणारा प्रकाश आपली बाजू बदलीत नाही. बर्फाचा कण मात्र षट्कोनी, कडांचा. धुळीचा कण वेडावाकडा. त्यांच्या आत शिरलेला प्रकाश कडांवर आपटत, वळत बाहेर येतो आणि येताना त्याची बाजू ढळलेली असते. गुळगुळीत भिंतीवर मारलेला चेंडू सरळ हातात येतो, दगडगोट्यांच्या गडग्यावर मारलेला भलतीकडे जातो, तसेच हे.

म्हणून दुर्बिणीत आलेल्या प्रकाशाच्या दोन वाटण्या करावयाच्या: बाजू राखलेला एकीकडे आणि काटकोनात ढळलेला दुसरीकडे. दुसऱ्याला पहिल्याने भागावे. उत्तर शून्याजवळ आले तर कण गोल, म्हणजे पाण्याचे थेंब किंवा ओलसर धूसरपणा. ०.३ च्या आसपास आले तर वाळवंटी धूळ. उंच, थंड ढगात ०.३ ते ०.५ पर्यंत गेले तर बर्फ. दोन आकड्यांचा हा भागाकार म्हणजे त्या साहेबांच्या "कोणती?" या प्रश्नाचे उत्तर होय.

पुण्याच्या संस्थेनेही पुढे असे दोन वाटांचे लिडार घेतले. हे गाडीवर घालून हलविता येण्याजोगे होते. देवरा, राज, के. के. दाणी, जी. पांडिथुराई आदींनी त्याचे वृत्त २००८ साली प्रसिद्ध केले. त्याचा हिरवा लेसर अगदी दुबळे ठोके देतो, पण भराभर देतो. वरून जाणाऱ्याच्या डोळ्यांस अपाय नको, ही त्यामागची दृष्टी. अंतराळातही तीच युक्ती गेली. २८ एप्रिल २००६ रोजी अमेरिका आणि फ्रान्स यांचा 'कॅलिप्सो' उपग्रह ध्रुवित लिडार घेऊन वर गेला आणि १ ऑगस्ट २०२३ पर्यंत त्याने पृथ्वीभरच्या ढगांचे आणि धुळीचे उभे छेद काढले. मे २०२४ मध्ये युरोप आणि जपान यांचा 'अर्थकेअर' उपग्रह तेच काम पुढे नेण्यास गेला.

साक्षीदार चांगला असला तरी उलटतपासणी हवीच. ध्रुवित प्रकाश दोन ठिकाणी फसवतो. बर्फाचे पातळ पत्रे कधी कधी हवेत ताटासारखे आडवे तरंगतात. लेसर बरोबर सरळ वर धरला तर ते आरशासारखे चकाकतात, बाजू ढळत नाही, आणि बर्फ पाणी असल्याची बतावणी करतो. उपाय सोपा, झोत थोडा तिरपा करावयाचा. कॅलिप्सोचा झोत याचसाठी २००७ च्या नोव्हेंबरात ३ अंशांनी कलता केला. दुसरी फसवणूक उलटी. दाट ढगात प्रकाश एका थेंबावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर आपटतो आणि गोल थेंबांतूनही ढळून येतो. म्हणून ढगाच्या कडेचा आकडा विश्वासाचा, आतला जपून घ्यावयाचा. शिवाय पावसाळी काळा ढग लिडारला पार करता येत नाही; तेथे प्रकाश थकतो. त्या कामासाठी रेडिओलहरींची रडारे लागतात, आणि गंमत अशी की तीही ध्रुवणाचीच युक्ती वापरतात. साताऱ्याकडे मांढरदेवच्या डोंगरावर पुण्याच्या संस्थेने अशी रडारे बसवली.

आता कोणी म्हणेल, नाशिककराला याचे काय? त्याला तीन उत्तरे आहेत.

२०२२ च्या जानेवारीत पश्चिमेकडून धुळीचे वादळ आले आणि मुंबईसह महाराष्ट्राच्या बऱ्याच भागांत आकाश पांढुरके झाले. मोटारींवर भुकटी बसली. हे धुके, कारखान्यांचा धूर, की दूरच्या वाळवंटाची माती, असा प्रश्न त्या दिवसांत घरोघर निघाला. दम्याच्या रोग्याला उत्तर हवे असते, आणि दोष कोणाला द्यावयाचा हे ठरविणाऱ्यालाही. ध्रुवित प्रकाश हे उत्तर त्याच रात्री देऊ शकतो: धूर बहुधा गोलसर कणांचा, वाळवंटी माती वेडीवाकडी.

दुसरे उत्तर कृत्रिम पावसाचे. महाराष्ट्रात २००३ साली आणि पुन्हा २०१५ साली ढगांवर विमाने गेली. या प्रयोगांविषयी आशा आणि थट्टा दोन्ही खूप झाल्या. ढग दोन जातींचे. ज्याचे सर्व पाणी गोठणबिंदूच्या वर आहे, अशा ढगात मिठाची पूड टाकतात. मीठ पाणी ओढते आणि मोठे थेंब होतात. उंच ढगात पाणी शून्याखाली कित्येक अंश जाऊनही द्रवच राहते; तेथे सिल्व्हर आयोडाइड टाकतात, म्हणजे त्याभोवती बर्फ धरते. जेथे आधीच बर्फ धरले आहे, तेथे ही पूड वाया. म्हणून 'ढग पाण्याचा की बर्फाचा' हा पंडिती प्रश्न नव्हे, तो पैशाचा आणि पिकाचा प्रश्न आहे. पुण्याच्या संस्थेने १९७३ ते १९८६ यांमधील ११ पावसाळ्यांत बारामती-अहमदनगर भागात मिठाचा प्रयोग केला. कोणत्या दिवशी कोणत्या भागात फवारावयाचे हे आवडीने न ठरवता चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवले. हिशोबात पाऊस २४ टक्क्यांनी अधिक निघाला. ११ पावसाळे थांबून मग बोलणे, याला आम्ही प्रामाणिकपणा म्हणतो.

तिसरे उत्तर गारांचे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रावर गारपीट झाली, तेव्हा आपल्या जिल्ह्यात तयार झालेली द्राक्षे वेलीवर फुटली. गार वाढते ती त्याच शून्याखालच्या, तरीही न गोठलेल्या पाण्यावर; बर्फाच्या कणावर ते आपटते आणि थरावर थर चढतात. गार थांबविण्याचे सामर्थ्य कोणत्याही लिडारमध्ये नाही. परंतु कोणत्या ढगात असे पाणी किती, हे जसजसे कळेल, तसतशी सूचना लवकर देता येईल. आणि द्राक्षबागाइतदाराला एक तासही पुष्कळ असतो.

२०१२ साली पुण्याच्या संस्थेने महाबळेश्वरला, सुमारे १३५० मीटर उंचीवर, ढगांची प्रयोगशाळा उघडली. पावसाळ्यात तेथे ढग खिडकीतूनच येतो. दुरून प्रकाशाने जे ओळखले, ते तेथे जवळून, थेंब मोजून ताडता येते. कवडशातली धूळ मुठीत धरू पाहणाऱ्या मुलाचा हट्ट असा शेवटी पुरा झाला.

अखेर पुन्हा त्या फाउंड्रीत जाऊ. तेथे लिडारचा उपयोग नव्हता. कामगाराच्या अंगावर लहान पंप आणि कॉलरला गाळणी लावून त्याच्या श्वासाजवळची हवा ओढतात, आणि गाळणीवरची पूड तपासून सिलिका किती ते सांगतात. ही रीत निराळी. पण तत्त्व तेच: आहे का, किती, कोठे, कोणती. कारखाने कायद्यात १९८७ च्या दुरुस्तीने अशा धुळीची मर्यादा आकड्यांत घालण्यात आली. मर्यादा कागदावर आली, तरी मोजल्याशिवाय ती मुकी असते. म्हणून पुढच्या प्रत्येक मागणीपत्रात आम्ही पहिले कलम भरपाईचे न घालता मोजणीचे घातले, आणि मोजलेला आकडा शेडच्या दारावर लावावा, असे दुसरे.

रामन यांनी लोलकाने प्रतिबिंब पुसले, तेव्हा समुद्राचा खरा रंग दिसला. आपल्या रोजच्या व्यवहारातही अशी प्रतिबिंबे पुष्कळ असतात. वरची चकाकी पुसल्याशिवाय खालचा रंग दिसत नाही. ती पुसण्याचे साधन महाग असावयास हवे असे नाही. त्या म्हाताऱ्या गड्याने तर भोकातले पोते तेवढे काढले होते.